आगाशिवाचा डोंगर : दागोबा, लिंग आणि विठ्ठल

कर्‍हाडच्या नैर्ऋत्येस सुमारें चार किलोमीटरांवर आगाशिवाचा डोंगर आहे. श्रावणी सोमवारीं माथ्यावरील महादेवाच्या दर्शनास आसपासच्या गांवांतील लोकांची रीघ लागते. चढणीला लागलेल्या यात्रेकरूस वाटेवर व डोंगराच्या कुशींत काळीं तोंडें उघडून बसलेलीं लेणीं दिसतात. त्यांस कोणी पांडवांचीं म्हणतो, कोणी ऋषींचीं म्हणतो, आणि बहुतेक जण कांहींच न म्हणतां सावलीला टेकून पुढें जातात. वैशाखी पौर्णिमेस मात्र जो माणूस येथें येतो, तो माथ्याकडे न जातां लेण्यांतच थांबतो व दागोब्यापुढें हात जोडतो. एकाच डोंगराचीं हीं दोन तीर्थें. त्यांचा परस्परसंबंध काय, याविषयीं अलीकडे फार ठामपणें बोललें जातें. एक पक्ष म्हणतो कीं, हा डोंगर बौद्धांपासून हिसकावून घेतला. दुसरा म्हणतो कीं, येथें आरंभापासून सर्व धर्म गुण्यागोविंदानें नांदले. दोन्ही पक्षांचा आधार तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम लेण्यांविषयीं. सातारच्या दरबारीं रेसिडेंट असतां बार्टल फ्रियर यानें १८४९ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें फर्गसन व बर्जेस यांनीं १८८० च्या आपल्या ग्रंथांत, आणि सातारा जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरांत, त्यांची तपशीलवार नोंद झाली. तीन गट मानतात. जखिणवाडीकडील दक्षिण गटांत तेवीस, भैरवाच्या दर्‍यांतील आग्नेय गटांत एकोणीस, आणि कोयनेच्या खोर्‍याकडे तोंड केलेल्या उत्तर गटांत बावीस, मिळून चौसष्ट. बहुतेक लेणीं लहान, साधीं, दगडी ओट्यांच्या खोल्यांचीं आहेत. अजिंठ्याचें वैभव डोळ्यांत ठेवून येणारा येथें निराश होतो, व तसा निराश झालेला विद्वान् प्रस्तुत लेखकानें पाहिलाहि आहे. पण या साधेपणांतच त्यांचें वय आहे. मूर्तिपूजा रूढ होण्यापूर्वींच्या काळचें हें काम असून पूजेचा विषय दागोबा हाच आहे. जखिणवाडीच्या बाजूच्या चैत्यगृहास स्तंभांच्या ओळी नाहींत. मागील बाजू अर्धवर्तुळाकार असून मध्यें दागोबा आहे. दाराच्या अंगास कोरलेल्या स्तंभांवर चक्र व सिंह या खुणा आहेत. एका लेण्यांत गोपाळाचा पुत्र संघमित्र यानें लेणें दान केल्याचा प्राकृत लेख आहे. राजाचें नांव नाहीं, बिरुद नाहीं. बापाचें नांव व आपलें नांव, एवढ्यावर या दात्याचें समाधान झालें.

कर्‍हाडच्या लोकांची दानशीलता या डोंगरापुरती नव्हती. मध्य हिंदुस्थानांतील भरहुतच्या स्तूपास करहकट निगमाचें, म्हणजे नगराच्या व्यापारी मंडळीचें, सामुदायिक दान आहे. कुलाब्याकडील कुडें येथील लेण्यांत करहाकडच्या एका लोखंडाच्या व्यापार्‍याचें दान आहे. घाटावरचा व्यापारी कोंकणांतील बंदराकडे उतरतांना वाटेवरील भिक्षुसंघास कांहीं देत असे, आणि आपल्या गांवाचें नांव तेथें कोरून ठेवीत असे. १९४९ सालीं डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा कर्‍हाड येथील संशोधनावरील ग्रंथ भारत इतिहास संशोधक मंडळानें प्रसिद्ध केला. त्यावरूनहि या नगराचें सातवाहनकालीन महत्त्व स्पष्ट होतें.

आतां एका शब्दाकडे वळूं. हस्तलिखितांचा व्यासंग करणार्‍या वाचकांस त्याचें विशेष अगत्य वाटेल. सभापर्वांत सहदेवाच्या दक्षिणदिग्विजयांत करहाटकाचा उल्लेख आहे, आणि प्रचलित नीलकंठी पाठांत त्याच्या शेजारीं ‘पाषण्ड’ हें पद येतें. त्यावरून कित्येक लेखकांनीं असा निष्कर्ष काढला कीं, महाभारतकारांच्या दृष्टीनें कर्‍हाड हें पाखंड्यांचें म्हणजे बौद्धांचें नगर होतें. विद्यार्थिदशेंत प्रस्तुत लेखकासहि हा निष्कर्ष फार आवडला होता, व वर्गांत तो अनेक वर्षें सांगितलाहि. पुढें भांडारकर संस्थेनें काढलेलें, एजर्टन यांनीं संपादिलेलें सभापर्व हातीं आलें. त्यांत ‘पाषण्ड’ नाहींच, तेथें ‘पिच्छण्ड’ असें एक अपरिचित नाम आहे. क्लिष्ट पाठ टाकून सुबोध पाठ घालण्याची लेखकांची संवय आपणां सर्वांस माहीत आहे. ‘पिच्छण्ड’चें ‘पाषण्ड’ होणें सहज शक्य, उलट होणें जवळजवळ अशक्य. तेव्हां कर्‍हाडच्या बौद्धत्वाचा हा पुरावा सोडून द्यावा हें बरें. लेणीं असतां त्याची गरजहि नाहीं.

तरीहि ‘पाषण्ड’ या शब्दाचा इतिहास येथें सांगण्याजोगा आहे. अशोकाच्या शिलालेखांत त्याला निंदेचा वास नाहीं. तेथें त्याचा अर्थ पंथ किंवा संप्रदाय एवढाच. बाराव्या शिलाशासनांत तो राजा सर्व पाषंडांचा आदर करण्यास सांगतो. अवसर नसतां आपल्या पंथाची स्तुति व दुसर्‍याची निंदा करूं नये, वाणीला आवर असावा, कारण तसें करणारा स्वतःच्याच पंथाची हानि करतो, असें त्याचें प्रतिपादन आहे. हाच शब्द पुढील संस्कृतांत शिवी झाला, आणि मराठींत ‘पाखंडी’ होऊन उतरला. पाठ बदलणारा लेखक ज्या काळीं बसला होता, त्या काळीं शब्दाचा हा अर्थ बदलून गेलेला होता. पाठभेदाला देखील आपला काळ असतो, तो असा.

बौद्ध गेले केव्हां ? इसवी सन ६४१ च्या सुमारास ह्युएनत्संग महाराष्ट्रांत आला, तेव्हां त्यानें शंभरांवर संघाराम, सुमारें पांच हजार भिक्षु, आणि तितकींच, म्हणजे शंभरेक, देवालयें असल्याचें लिहिलें आहे. यानंतर सुमारें तीनशें वर्षांनीं कर्‍हाडचा जो लेख हातीं येतो त्यांत चित्र पालटलेलें आहे. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण यानें शके ८८० मध्यें, म्हणजे इ. स. ९५९ मध्यें, मेलपाटीच्या छावणींतून दिलेला हा ताम्रपट रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं प्रसिद्ध केला. त्यांत करहाट येथील वल्कलेश्वराच्या स्थानाचा मठाधिपति ईशानशिव याचा शिष्य गगनशिव यास, तपस्व्यांच्या योगक्षेमासाठीं, एक गांव दिलें आहे. म्हणजे दहाव्या शतकांत कर्‍हाडास शैव तपस्व्यांचा नांवाजलेला मठ होता.

येथें एक तर्क मांडतों. आगाशिव या नांवाची व्युत्पत्ति कोणी समाधानकारक दिलेली नाहीं. अर्धमागधींत व अपभ्रंशांत ‘आकाश’चें रूप ‘आगास’ होतें. ‘आगास-सिव’ यांतील लागोपाठचे दोन सकार एक होऊन ‘आगासिव’ आणि मराठींत इकारापूर्वीं शकार येऊन ‘आगाशिव’ हें ध्वनिदृष्ट्या निर्दोष आहे. गगन व आकाश हे पर्याय आहेत, आणि ताम्रपटांतील आचार्याचें नांव गगनशिव. मोह होण्यासारखीच ही जुळणी आहे. परंतु माथ्यावरच्या, आभाळाला टेकलेल्या देवास लोकांनीं आकाशशिव म्हणावें, याला आचार्याची गरज काय ? म्हणून नांवाची फोड संभवनीय आणि आचार्याशीं तिचा संबंध असिद्ध, इतकेंच म्हणतों.

दीडशें वर्षांनीं, याच मुलखाच्या दक्षिणेस, हल्लींच्या सांगली जिल्ह्याकडे, एक विलक्षण लेख आढळतो. कोल्हापूरचा शिलाहार राजा गंडरादित्य यानें शके १०३२ मध्यें दिलेल्या ताळले येथील ताम्रपटांत मिरिंज देशांतील इरुकुडी या गांवीं गंडसमुद्र नांवाचा तलाव बांधल्याचें व त्याच्या कांठीं ईश्वर, बुद्ध आणि अर्हत् यांची स्थापना केल्याचें सांगितलें आहे. मिरिंज म्हणजे मिरज. तिन्ही देवांस मिळून एक नेमणूक केलेली नाहीं, प्रत्येकास स्वतंत्र जमीन तोडून दिली आहे. धर्मसमन्वयाच्या गोड शब्दांपेक्षां हा जमिनीचा हिशेब आम्हांस अधिक बोलका वाटतो. राजानें तिन्ही देव एकच आहेत असें म्हटलें नाहीं. तिघांचे उपासक त्याच्या राज्यांत आहेत, व तिघांच्या पूजेची सोय झाली पाहिजे, एवढें त्यानें मानलें. शिवाय इ. स. १११० मध्यें मिरजेच्या परिसरांत बुद्धाची पूजा चालू होती, हें यावरून निर्विवाद ठरतें. शंकराचार्यांनीं बौद्धधर्म समूळ उखडला, हें शाळेंत पढविलेलें वाक्य कृष्णाकांठापुरतें तरी खोडावें लागेल. जैनांचें तर बोलावयासच नको. कुंडलच्या डोंगरांतील झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ हीं स्थानें आजहि नांदतीं आहेत.

ताम्रपट राजाची इच्छा सांगतो, दगड लोकांची करणी सांगतो. म्हणून आतां दगडाकडे. वाईजवळ लोहारें येथें पालपेश्वराचीं लेणीं आहेत, तींहि मूळचीं बौद्ध. तेथील मुख्य दालनांतल्या दागोब्याचा वरचा भाग तोडून टाकलेला असून उरलेल्या भागाचें प्रचंड लिंग केलेलें आहे. येथें जुन्या पूज्य वस्तूचा आकार मोडल्यावांचून नवी वस्तु होत नव्हती, आणि तो मोडला गेला. तोडणार्‍याच्या वेळीं तेथें भिक्षु होते कीं वटवाघुळें, हें छिन्नी सांगत नाहीं. पण छिन्नी चालली, हें झांकण्यांत अर्थ नाहीं.

आगाशिवाच्या डोंगरांत निराळें घडलें. तेथील एका लेण्यांतल्या दागोब्याच्या दर्शनी अंगावर मागाहून विठ्ठलाची मूर्ति कोरलेली आहे. दागोबा मोडलेला नाहीं. त्याच्या अंगावरच विठ्ठल उभा आहे. बौद्धाच्या दृष्टीनें हीहि ढवळाढवळच, हें कबूल केलें पाहिजे. चैत्याच्या अंगावर हत्यार चालविण्याची परवानगी कोणी दिली होती ? परंतु कोरणार्‍याच्या मनांत काय असावें, याचा थोडा विचार करावा. महाराष्ट्रांतील जुन्या पंचांगांवर व कित्येक देवळांतील दशावतारांत नवव्या अवताराच्या जागीं, म्हणजे बुद्धाच्या जागीं, विठ्ठल काढलेला असतो. मौन धरून, हातीं शस्त्र न घेतां उभा राहिलेला देव आणि बुद्ध यांची सांगड येथील सामान्य जनांनीं केव्हांच घातली होती. ज्यानें दागोब्यावर विठ्ठल कोरला त्याला ‘हें स्थान बुद्धाचें’ अशी अंधुक आठवण असेल, तर त्यानें परका देव आणून बसविला असें त्याला स्वतःला वाटलें नसेल. त्याला ती आठवण नसेल, तर रिकाम्या दगडावर त्यानें आपल्या आवडीचा देव काढला. कोणताहि पर्याय घेतला तरी लोहार्‍याची करणी व ही करणी एका मापानें मोजतां येत नाहीं.

या प्रश्नास १९५४ च्या डिसेंबरांत नवें वळण लागलें. देहूरोड येथें बुद्धविहारांत मूर्तीची स्थापना करतांना २५ डिसेंबर रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं पंढरपूरची मूर्ति मूळची बुद्धाची असल्याचें मत मांडलें. बाबासाहेबांचें बालपण सातार्‍यास गेलें, तेथील सरकारी शाळेंत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं त्यांचें नांव दाखल झालें, हें सर्वश्रुत आहे. पंढरपूरच्या मूर्तीविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. रा. चिं. ढेरे यांनीं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथांत विठ्ठलाचें मूळ गवळी-धनगरांच्या वीरदेवांत शोधलें, तरी बौद्ध व जैन धारणांचाहि परामर्श घेतला. पंढरपुरांत जें अनुमानानें सिद्ध करावें लागतें, तें या डोंगरांत दगडावर समोर आहे. दागोब्यावर विठ्ठल, आणि तो मागाहून कोरलेला. या वादांत पडणार्‍यांनीं एकदां जखिणवाडीची वाट चढावी.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर हीं लेणीं केवळ पुराणवस्तु राहिलीं नाहींत. सुमारें हजार वर्षांनंतर त्यांस उपासक मिळाले. म्हणून माथ्यावरील देवाच्या भक्तांनीं येथें येतांना हें कोणाचें तरी जागतें पूजास्थान आहे, हें ध्यानांत धरावें, आणि भिंतींवर नांवें कोरणें, चुली पेटविणें, शेंदूर फांसणें हें बंद करावें. तसेंच, दागोब्यावरील विठ्ठल खरवडून काढावा असेंहि एका तरुणानें प्रस्तुत लेखकास बोलून दाखविलें, त्यास आमची साफ हरकत आहे. ती मूर्ति हाच तेथला पुरावा आहे. ती गेली तर दागोबा पूर्वींचा व विठ्ठल नंतरचा, हें पुढच्या पिढीस कशावरून दाखविणार ?

राहिला प्रश्न विठ्ठल कोरला केव्हां याचा. तो लेण्यांत उभें राहून सुटणार नाहीं. महादेवाच्या पूजेचें इनाम, गुरवांचें वतन, श्रावणांतील यात्रेचा खर्च यांचे कागद कर्‍हाड प्रांताच्या दप्तरांत व खाजगी रुमालांत असण्याचा संभव आहे. अशा एखाद्या यादींत डोंगरांतल्या विठोबाच्या दिवाबत्तीस चार पैसे लावलेले आढळले, तर काळाची एक बाजू तरी निश्चित होईल. संग्राहकांनीं आपले रुमाल सोडतांना ‘आगाशिव’, ‘आगासी’, ‘जखणवाडी’ अशा निरनिराळ्या लेखनांवर नजर ठेवावी आणि असा कागद सांपडल्यास त्याची नक्कल, मोडीचें वळण जसेंच्या तसें राखून, या त्रैमासिकाकडे पाठवावी.