जीएसएम: करारातून उभे राहिलेले जाळे

1980च्या दशकात पश्चिम युरोपात मोबाइल फोन होते, पण सीमा ओलांडली की बहुतेक निरुपयोगी ठरत. उत्तरेकडच्या देशांत एनएमटी, जर्मनीत सी-नेट्झ, फ्रान्समध्ये रेडिओकॉम 2000. एका अ‍ॅनालॉग पद्धतीचे यंत्र दुसरीत चालत नसे. 1982 मध्ये टपाल-तार खात्यांच्या ‘सेप्ट’ या परिषदेने समाईक पद्धतीसाठी अभ्यासगट नेमला. 1987 मध्ये कोपनहेगनला 13 देशांतील दूरसंचार संस्थांनी ही जीएसएम पद्धत उभारण्याच्या करारावर सह्या केल्या. जीएसएमच्या तंत्रापेक्षा हा करारच मोठा म्हणावा लागेल, कारण बाजारपेठेची खात्री पटल्याखेरीज कारखानदार पैसा घालायला तयार नव्हते.

या पद्धतीत आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते. 200 किलोहर्ट्झ रुंदीच्या एका वाहिनीवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात. प्रत्येकाची पाळी 577 मायक्रोसेकंदांची असते आणि ती सेकंदाला सुमारे 217 वेळा येते. मोबाइल रेडिओजवळ ठेवल्यावर होणारी टरटर या पाळ्यांचीच. दूरच्या फोनचा संदेश उशिरा पोचून शेजारच्या पाळीत घुसू नये, म्हणून टॉवर त्याला तो थोडा आधी पाठवायला सांगतो. ही सवलत साधारण 35 किलोमीटरपर्यंतच पुरते. एरवी टॉवरची हद्द तिथेच संपते.

ग्राहकाची ओळख फोनमध्ये न ठेवता सिमकार्डात ठेवणे, हा यातला सर्वांत दूरदर्शी निर्णय. फोन बदलला तरी नंबर तोच राहिला.

1 जुलै 1991 रोजी फिनलंडचे माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी ‘रेडिओलिंया’च्या जाळ्यावरून पहिला कॉल केला. भारतात 31 जुलै 1995 रोजी कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलले. याच पद्धतीतला एसएमएस मात्र रोमन लिपीच्या मापाने बेतलेला होता: इंग्रजीला 160 अक्षरे, देवनागरीला 70, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जात. ‘म्हणून’ एवढ्यानेच सहा जागा खर्ची पडत.

सुरक्षेत एक मोठी उणीव राहिली. जाळे ग्राहकाची ओळख पटवून घेई, पण जाळे खरे आहे की नाही हे तपासायची सोय फोनला नव्हती. त्यामुळे बनावट टॉवर उभारून फोन फसवता येत. तिसऱ्या पिढीच्या यूएमटीएसमध्ये ही तपासणी दुतर्फा झाली. जीएसएमच्या, म्हणजे टूजीच्या, जुन्या जाळ्यात मात्र ती उणीव तशीच आहे.