इलेक्ट्रॉनिकी अभियांत्रिकी, व्यवस्थापनासह

इलेक्ट्रॉनिकी अभियांत्रिकी, व्यवस्थापनासह : सर्किट, चिप आणि दळणवळण-प्रणालींची रचना हा मुख्य विषय व व्यवस्थापन हा जोडविषय असलेला विद्यापीठीय पदवी अभ्यासक्रम. ब्रिटनमध्ये तो विशेष रुजला. इंग्लंडमध्ये त्याच्या बीईंजी पदवीला तीन आणि एमईंजी पदवीला चार वर्षे लागतात. स्कॉटलंडमध्ये प्रत्येकी एक वर्ष अधिक. नावातला ‘सह’ महत्त्वाचा आहे. ब्रिटनमधल्या रिवाजाप्रमाणे दोन विषय ‘आणि’ने जोडलेले असले तर दोघांचे वजन साधारण सारखे असते, ‘सह’ने जोडलेले असले तर तीन हिस्से पहिल्याला आणि एक हिस्सा दुसऱ्याला, असे ढोबळ प्रमाण पडते. म्हणजे गणित, सर्किट-विश्लेषण, डिजिटल रचना, सिग्नल, नियंत्रण, अर्धवाहक हा कणा कायम राहतो आणि त्याच्या जोडीला हिशेबशास्त्र, प्रकल्प-नियोजन, विपणन, संस्थेतील माणसांचे वर्तन असे विषय येतात.

नोकरीच्या बाजारात उमेदवार उठून दिसावा म्हणून केलेली ही सोय आहे, असा समज सर्रास आढळतो. पण इलेक्ट्रॉनिकीपुरते बोलायचे तर खर्चाचा विचार रचना पूर्ण झाल्यावर सुरू होत नाही, तो रचनेतच असतो. गॉर्डन मूर यांच्या 1965 मधील प्रसिद्ध लेखाकडे पाहावे. चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होते, एवढेच त्यातून लोकांच्या लक्षात राहिले. प्रत्यक्षात मूर यांनी मांडले होते ते दर घटकामागील किमान खर्चाचे गणित. एका चिपवर फार थोडे घटक ठेवले तर प्रत्येक घटक महाग पडतो. फार जास्त ठेवले तर सदोष चिप वाढतात आणि खर्च पुन्हा चढतो. या दोहोंमध्ये जिथे खर्च सर्वांत कमी, तो बिंदू दरवर्षी दुप्पट घटकांकडे सरकतो आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. ज्याला आपण तंत्रज्ञानाचा नियम म्हणतो, त्याचा पाया असा अर्थशास्त्रीय आहे.

हेच गणित छोट्या प्रमाणावर प्रत्येक रचनाकारापुढे येते. समजा, एका उपकरणासाठी बाजारात तयार मिळणारी, हवी तशी प्रोग्राम करता येणारी एफपीजीए चिप 800 रुपयांना पडते आणि त्याच कामासाठी खास घडवून घेतलेली चिप 100 रुपयांना. मात्र खास चिपचे मास्क, पडताळणी आणि चाचण्या यांसाठी सुरुवातीलाच साडेतीन कोटी रुपये घालावे लागतात. दर नगामागे 700 रुपये वाचतात, म्हणजे 50,000 नगांनंतर खास चिप परवडू लागते. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण निर्णयाची रीत हीच आहे. आता 50,000 नग खपतील का, हा प्रश्न कुणाचा? विक्री विभागाचा म्हणून तो सोडून दिला, तर कोणती चिप वापरायची हे अभियंत्याला ठरवताच येत नाही. आणि चिप ठरल्याशिवाय वीजपुरवठा, उष्णता, सर्किटाच्या छापील पट्टीचा (पीसीबी) आकार यांपैकी काहीच ठरत नाही. पुलाच्या किंवा धरणाच्या कामातही खर्च मोजावाच लागतो, पण तिथे वस्तू बहुधा एकच असते. इलेक्ट्रॉनिकीत पहिला नग अतोनात महाग आणि लाखावा नग जवळजवळ फुकट, अशी टोकाची तफावत असते. त्यामुळे खपाचा अंदाज थेट सर्किटाच्या आराखड्यात शिरतो.

एआरएम प्रोसेसरचा जन्म हे याचे बोलके उदाहरण आहे. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी तो रचला. पहिली चिप 1985 मध्ये चालू झाली. चिपला महागड्या सिरॅमिकऐवजी स्वस्त प्लॅस्टिकचे आवरण वापरता यावे, हा आग्रह होता. प्लॅस्टिक उष्णता फारशी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून चिपने एक वॅटपेक्षा कमी वीज खावी असे ठरले. रचना इतकी काटकसरीची उतरली की चाचणीच्या वेळी विद्युतप्रवाह मोजायला लावलेल्या मापकाचा काटा शून्यावरच राहिला. शोध घेतल्यावर कळले की चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर तारांतून येणाऱ्या सिग्नलांमधून झिरपणाऱ्या विजेवर ती चालत होती. आवरणाचे काही पैसे वाचवण्यासाठी घातलेल्या अटीतून जो गुण आला, त्याच्याच बळावर पुढे मोबाइल फोनची दुनिया उभी राहिली. 1990 मध्ये 12 अभियंत्यांनिशी स्वतंत्र कंपनी निघाली तेव्हा तिचा दुसरा मोठा निर्णयही असाच दोन्ही बाजूंचा होता : स्वतः चिप बनवायच्या नाहीत, रचना परवान्याने द्यायची आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक चिपमागे स्वामित्वशुल्क घ्यायचे. लिव्हरपूल विद्यापीठात इलेक्ट्रॉनिकी शिकून विक्रीच्या क्षेत्रात गेलेले रॉबिन सॅक्सबी हे कंपनीचे पहिले प्रमुख होते.

अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन एकत्र शिकवण्याची कल्पना मात्र इलेक्ट्रॉनिकीहून जुनी आहे. अमेरिकेत एमआयटीने 1914 मध्ये ‘अभियांत्रिकी प्रशासन’ हा अभ्यासक्रम सुरू केला. त्याच परंपरेतून तिथली व्यवस्थापन-शाळा वाढली. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग येथील तंत्रविद्यालयात 1927 मध्ये विली प्रिऑन यांनी अर्थकारण आणि तंत्र यांचा संयुक्त अभ्यास रुजवला. त्यातून जर्मनीत ‘अर्थ-अभियंता’ हा स्वतंत्र पेशाच तयार झाला. ब्रिटनला या वाटेवर आणले ते एका सलाने. सीटी स्कॅनर हा ईएमआय कंपनीतल्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचा शोध. पहिल्या रुग्णाचे स्कॅनिंग 1 ऑक्टोबर 1971 रोजी विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात झाले. 1979 च्या ऑक्टोबरमध्ये हाउन्सफील्ड यांना नोबेल जाहीर झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तोट्यात आलेली ईएमआय दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली. स्कॅनरची बाजारपेठ मोठ्या परदेशी उत्पादकांनी काबीज केली होती. असल्या गुंतागुंतीच्या यंत्राला लागणारे प्रशिक्षण, दुरुस्तीसेवा आणि विक्रीचे जाळे शोधकर्त्या कंपनीकडे नव्हते, असे विश्लेषण अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड टीस यांनी 1986 मधील आपल्या निबंधात केले आहे. नोबेलनंतर तीनच महिन्यांनी, जानेवारी 1980 मध्ये, माँटी फिनिस्टन यांच्या समितीचा ब्रिटिश अभियांत्रिकीविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. अभियंत्याच्या शिक्षणात उद्योगातील व्यवहाराला स्थान द्यावे, बीईंजी व एमईंजी अशा पदव्यांची घडी बसवावी, असे त्याने सुचवले. 1981 मध्ये अभियांत्रिकी परिषद स्थापन झाली. आज सनदी अभियंता होण्यासाठी ही परिषद ज्या पाच कसोट्या लावते, त्यांपैकी एक जबाबदारी, व्यवस्थापन आणि नेतृत्व यांची आहे. ब्रिटनमध्ये अभियंता या पेशाच्या व्याख्येतच व्यवस्थापन आले, ते असे.

या अभ्यासक्रमावरचा पहिला आक्षेप ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ या म्हणीत मावतो. व्यवस्थापनाला दिलेला चतुर्थांश वेळ कुठून तरी काढावाच लागतो, आणि तो बहुधा शेवटच्या वर्षांतील ऐच्छिक विषयांतून काढला जातो : उच्च वारंवारतेची सर्किटे, प्रगत चिप-रचना, प्रकाशीय दळणवळण. ही हानी खरी आहे आणि ती नाकारू नये. ज्याला रेडिओ-सर्किटांत संशोधन करायचे आहे त्याने हा मार्ग धरू नये, हेच योग्य. पण आक्षेपात एक गृहीतक दडलेले आहे : शुद्ध पदवी घेतलेला विद्यार्थी या सगळ्या विषयांत खोल उतरतो. तोही त्यांतून दोन-चारच निवडतो. आणि पाया तुटू नये याची व्यवस्था मान्यतेच्या पद्धतीत आहे. व्यवस्थापनासह दिली जाणारी एमईंजी पदवी सनदी अभियंत्याच्या शैक्षणिक अटीसाठी मान्य व्हायची असेल तर गणित, विश्लेषण आणि रचना यांचे निकष तिलाही पूर्ण करावे लागतात. जोडविषय आहे म्हणून सूट नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. व्यवस्थापन अनुभवानंतर शिकावे, काही वर्षे नोकरी करून मग एमबीए करावे. एकोणीस वर्षांच्या मुलाला नेतृत्व शिकवून काय उपयोग? यातला अर्धा भाग बरोबर आहे. माणसे सांभाळणे वर्गात येत नाही, आणि ‘नेतृत्व’ नावाच्या तासांना या वयात फारसा अर्थ नसतो. पण खर्चाचा अंदाज, ताळेबंदाचे वाचन, बौद्धिक संपदेचे नियम, उत्पादनाचा आणि पुरवठ्याचा हिशेब या गोष्टींना अनुभवाची वाट पाहावी लागत नाही. त्या गणितासारख्याच शिकता येतात आणि रचनेच्या पहिल्या प्रकल्पापासून लागतात. आठ-दहा वर्षे खर्चाचा विचार न करता रचना करण्याची सवय लागली, तर एमबीए त्या सवयीवरचा उपचार ठरते.

खरी अडचण अध्यापनात आहे. अनेकदा इलेक्ट्रॉनिकी एका इमारतीत आणि व्यवस्थापन दुसऱ्या इमारतीत शिकवले जाते. व्यवस्थापनाच्या वर्गात सर्व शाखांचे विद्यार्थी असतात आणि उदाहरणे किरकोळ विक्रीची. दोन विषय एकाच गुणपत्रिकेवर येतात, एकमेकांना भेटत मात्र नाहीत. ते भेटण्याची जागा एकच : एमईंजीच्या शेवटच्या टप्प्यातला गटप्रकल्प. तिथे विद्यार्थ्यांना सुट्या भागांची यादी करावी लागते. एखादा कनेक्टर एकाच उत्पादकाकडे मिळतो का, मायक्रोकंट्रोलर अजून पाच वर्षे बनत राहील का, रेझिस्टर सुटे घ्यायचे की अख्खे रीळ, हे प्रश्न त्या यादीतून निघतात. यादीतली एक ओळ बदलली की छापील पट्टी नव्याने आखावी लागते आणि वेळापत्रक दोन-तीन आठवडे पुढे सरकते. मूल्यमापन जिथे या यादीपर्यंत पोहोचते आणि सर्किट चालले एवढ्यावर थांबत नाही, तिथे नावातला ‘सह’ सार्थ होतो.

भारतात ही जोडणी वेगळ्या क्रमाने होते : आधी बी.ई. किंवा बी.टेक., मग कॅट आणि एमबीए. महाराष्ट्रात ई अँड टीसी शाखेतून बाहेर पडणारी कितीतरी मुले याच वाटेने जातात आणि त्यांतील पुष्कळजण सर्किटाकडे पुन्हा वळत नाहीत. उद्योगाशी सांधा जोडण्याचा प्रयत्न जुना आहे. मुंबईत 1963 मध्ये सुरू झालेली नीटी ही औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था त्यासाठीच होती. 2023 मध्ये ती आयआयएम मुंबई झाली. अभियांत्रिकी पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन करारात भारत 2014 मध्ये पूर्ण सदस्य झाला आणि मान्यताप्राप्त पदवीच्या अपेक्षित गुणांत प्रकल्प-व्यवस्थापन आणि वित्त यांचाही समावेश आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या आदर्श अभ्यासक्रमात 160 श्रेयांकांच्या वर 18 ते 20 श्रेयांक मिळवून मायनर पदवी घेण्याची मुभा आहे. ब्रिटिश पद्धतीत व्यवस्थापन काही विषयांची जागा घेते. इथे ते सगळ्याच्या वर चढते. त्यामुळे खोली कमी होण्याची तक्रार इथे लागू पडत नाही. पण जादा तासांत, संध्याकाळी, वेगळ्या विभागाकडून शिकवले जाणारे व्यवस्थापन सुट्या भागांच्या त्या यादीपर्यंत आपोआप पोहोचत नाही. त्यासाठी अंतिम वर्षाच्या प्रकल्प-अहवालात सर्किटाच्या आकृतीशेजारी नगाची किंमत आणि तिचे स्पष्टीकरण मागावे लागेल, आणि त्याला गुणही ठेवावे लागतील.