जखम मिटायला उशीर लागला तेव्हा

कातडी गेली की अंगातलं पाणी बाहेर जातं आणि जंतू आत शिरतात. खूप भाजलेला माणूस दगावतो तो बहुतेकदा यातूनच. उपाय जुना होता: रुग्णाच्याच मांडीची कातडी काढून जखमेवर लावायची. पण निम्म्याहून जास्त अंग भाजलेल्याची कातडी आणायची कुठून? मृताची लावली तर शरीर ती काही आठवड्यांत टाकून देतं.

हा प्रश्न घेऊन बॉस्टनचे सर्जन जॉन बर्क १९७० च्या सुमारास एमआयटीतल्या आयोनिस यानस यांच्याबरोबर कामाला लागले. यानस ग्रीसमध्ये जन्मलेले, पॉलिमरचे अभ्यासक, डॉक्टर नव्हेत. हवं होतं ते जखम झाकून लवकर मिटवणारं आवरण. गिनीपिगवर कितीतरी पदार्थ लावून पाहिले, जखमा आपल्या गतीनेच मिटत राहिल्या. मग कोलॅजनच्या काही नमुन्यांनी उलटंच केलं: मिटायला उशीर लागू लागला. आता कुणीही म्हणेल, हा नमुना फेकून द्या. यानसनी तो फेकला नाही. माझ्या मते या साऱ्या कहाणीतलं मोठं काम हेच.

कारण खोल जखम मिटते म्हणजे काय होतं? कडा आकसून जवळ येतात, मध्ये व्रण राहतो. भाजलेल्या मुलाची कोपर वाकडीच राहते, हनुवटी छातीकडे ओढली जाते, ती या आकसण्यामुळे. या जाळीने ते आकसणंच रोखलं होतं, आणि त्या सवडीत व्रणाऐवजी त्वचेचा आतला थर, डर्मिस, नव्याने तयार होत होता.

जाळीत गाईगुरांचं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतला एक पदार्थ, वर सिलिकॉनचा पापुद्रा. इमारतीला परांची बांधतात ना, तशीच ही; फक्त उतरवावी लागत नाही, शरीरच ती हळूहळू विरवून टाकतं. फार लवकर विरली तर काम अर्धवट, विरलीच नाही तर तीच अडसर. छिद्रांचंही तसंच: फार बारीक असली तर पेशी आत शिरत नाहीत, फार मोठी असली तर त्यांना धरायला जागा कमी पडते. दोन-तीन आठवड्यांनी सिलिकॉन सोलून रुग्णाच्याच कातडीचा अगदी पातळ थर वर लावायचा. पातळ असल्याने, जिथून घेतला ती जागा चटकन भरते आणि तिथूनच पुन्हा घेता येतो.

१९८१ मध्ये त्यांनी १० रुग्णांचा अहवाल छापला. अंगाचा ५० ते ९५ टक्के भाग भाजलेले. अमेरिकेत ‘इंटिग्रा’ नावाने परवानगी मिळाली ती १९९६ मध्ये.

या नव्या त्वचेत केस उगवत नाहीत, घामाच्या ग्रंथीही नसतात. उन्हात राबणाऱ्याला ही उणीव पहिल्याच उन्हाळ्यात कळते.