तळोजाच्या कोठडीतील आशा

ख्रिस्ती परंपरेत एकांताला मोठा मान आहे. प्रभू येशू चाळीस दिवस अरण्यात राहिला आणि त्याच्यामागून असंख्य संतांनी एकांताची वाट धरली. परंतु आपण होऊन स्वीकारलेला एकांत वेगळा आणि परिस्थितीने लादलेला एकाकीपणा वेगळा. दुसऱ्या प्रकारच्या एकाकीपणात श्रद्धा कशी तग धरते, हा प्रश्न मार्च २०२० मधील टाळेबंदीने आम्हां सर्वांपुढे उभा केला.

नवी मुंबई हे बाहेरून आलेल्या माणसांचे शहर. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर आकारास आले. वसई, गोवा, मंगळूर, केरळ, तामिळनाडू अशा ठिकठिकाणांहून आलेल्या कॅथलिक कुटुंबांना येथे गाव नव्हते, भाऊबंद नव्हते. रविवारची मिस्सा आणि मिस्सेनंतर चर्चच्या आवारात होणाऱ्या गाठीभेटी हेच त्यांचे गाव. साहजिकच चर्चचे दार बंद झाले तेव्हा त्यांचे केवळ मिस्सेवाचून अडले नाही. १२ एप्रिल २०२० चा पुनरुत्थानाचा सण घरात, पडद्यासमोर बसून साजरा झाला. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली.

त्या काळात अनेकांनी आध्यात्मिक ख्रिस्तप्रसादाची प्रार्थना नव्याने शिकून घेतली. ही प्रथा जुनी आहे. ख्रिस्तप्रसाद प्रत्यक्ष स्वीकारणे शक्य नसते तेव्हा भाविक वेदीवरील प्रभूच्या उपस्थितीवरील आपला विश्वास प्रकट करतो, त्याला भेटण्याची ओढ बोलून दाखवतो आणि त्याने अंतःकरणात यावे अशी विनवणी करतो. घरबसल्या मिळणारी ही सोय आहे, असा समज काहींनी करून घेतला तो मात्र चुकीचा. ती ओढ आहे, पर्याय नव्हे.

याच दिवसांत, याच शहरात, आमच्या घरांपासून काही किलोमीटरवर एक वृद्ध धर्मगुरू तळोजा मध्यवर्ती कारागृहात होते. येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांचा जन्म २६ एप्रिल १९३७ रोजी तामिळनाडूत झाला. त्यांच्या आयुष्याची अखेरची तीन दशके झारखंडमधील आदिवासींच्या जमिनीच्या आणि विनाखटला तुरुंगात खितपत पडलेल्या तरुणांच्या प्रश्नांवर काम करण्यात गेली. भीमा कोरेगाव–एल्गार परिषद प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांची येथे त्यांना अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले होते. खटला अखेरपर्यंत उभा राहिलाच नाही. वय ८३, कंपवाताचा विकार, दोन्ही कानांनी ऐकणे कठीण. हात थरथरत असल्याने पेला ओठांपर्यंत नेता येत नसे; नळीच्या पेल्यासाठीही न्यायालयात अर्ज करावा लागला.

त्यांनी तळोजाहून लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली. ती वाचताना आमचे लक्ष एका गोष्टीकडे वेधले जाते. स्वतःच्या दुःखाबद्दल ते फारसे लिहीत नाहीत. संध्याकाळी साडेपाचपासून सकाळी सहापर्यंत आणि दुपारी बारा ते तीन ते दोन सहबंद्यांसह कोठडीत बंद असत. अरुण फरेरा त्यांना न्याहारी आणि जेवण भरवीत, व्हर्नन गोन्साल्विस आंघोळ घालीत. कोठडीतले दोघे अतिशय गरीब घरचे. ते रात्रीच्या जेवणाला मदत करीत, कपडे धूत, गुडघे चोळून देत. या सर्वांसाठी प्रार्थना करा, अशी विनंती फादर बाहेरच्या मित्रांना करतात. कारागृहात शंभर दिवस पूर्ण झाल्यावरच्या पत्रातही, आपल्यावर नेमका आरोप काय हे ठाऊक नसलेल्या गरीब कच्च्या कैद्यांविषयीच ते लिहितात. ‘मी तुरुंगात होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात’ हे मत्तयच्या शुभवर्तमानातील वचन आपण बाहेरून आत जाणाऱ्यांसाठी वाचतो. तळोजात ते आतल्या आतच पाळले जात होते.

व्हिएतनामचे कार्डिनल न्गुएन व्हान थुआन यांचीही येथे आठवण होते. १९७५ ते १९८८ अशी तेरा वर्षे ते बंदिवासात होते, त्यांपैकी नऊ वर्षे एकांतकोठडीत. पोटाचे औषध म्हणून आलेल्या द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ३० नोव्हेंबर २००७ च्या आशेविषयीच्या परिपत्रकात, प्रार्थना ही आशेची शाळा कशी असते हे सांगताना त्यांचाच दाखला दिला. त्याच धाग्याने दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी आशेच्या पवित्र वर्षाचे एक पवित्र दार २६ डिसेंबर २०२४ रोजी रोममधील रेबिब्बिया तुरुंगात उघडले.

कार्डिनल थुआन सुटले. फादर स्टॅन सुटले नाहीत, आणि ही गोष्ट झाकून आशेविषयी लिहिणे आम्हांला योग्य वाटत नाही. २२ मार्च २०२१ रोजी विशेष न्यायालयाने त्यांचा जामीन नाकारला. प्रकृती ढासळत गेली. २१ मे रोजी दृक्‌श्राव्य माध्यमातून उच्च न्यायालयासमोर आले तेव्हा त्यांनी सरकारी रुग्णालयात जाण्यास नकार दिला. आपल्या माणसांत राहावे, एवढीच त्यांची इच्छा होती. २८ मे रोजी न्यायालयाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्यात आले. तेथे त्यांना कोविड झाल्याचे निष्पन्न झाले. ५ जुलै २०२१ रोजी, जामीन अर्ज प्रलंबित असतानाच, त्यांनी देह ठेवला. दुसऱ्या दिवशी वांद्र्याच्या सेंट पीटर चर्चमध्ये निर्बंधांमुळे मोजक्याच लोकांच्या उपस्थितीत अंत्यविधीची मिस्सा झाली. इतरांनी ती आपापल्या घरातून पाहिली, जशी त्या दोन वर्षांत आम्ही इतक्या जणांची पाहिली.

फरेरा आणि गोन्साल्विस यांना सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२३ रोजी जामीन मंजूर केला. कपडे धुणाऱ्या, गुडघे चोळणाऱ्या त्या दोन सहबंद्यांची नावे फादरांच्या पत्रात नाहीत. मिस्सेत कैद्यांसाठी विनंती होते तेव्हा आम्ही त्या दोघांना धरूनच प्रतिसाद देतो.