करीना आणि बायोडाटा

परीक्षा संपत आल्या की शिरूर आणि दौंड तालुक्यांतील आमचे विद्यार्थी हातात बायोडाटा घेऊन आमच्याकडे येऊ लागतात. कोणाला रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत अर्ज करावयाचा असतो, तर कोणाला कुरकुंभच्या. मराठीच्या प्राध्यापकांनी शुद्धलेखन तपासून द्यावे, इतकीच त्यांची माफक अपेक्षा असते. संगणकाच्या दुकानात तयार झालेल्या या कागदांत नाव आणि टक्केवारी वगळता फारसा फरक आढळत नाही. प्रत्येक जण मेहनती, प्रामाणिक आणि जिद्दी असतो. काही कागदांवर तर उंची, रास आणि मामाचे गावही असते. लग्नाच्या आणि नोकरीच्या कागदाला आपण एकच शब्द वापरतो, त्याचा हा परिणाम असावा.

वस्तुतः मागणीसाठी स्वतःची हकीकत लिहिण्याची कला मराठीला नवी नाही. मराठेशाहीच्या दप्तरांत ‘करीना’ नावाचा एक लेखनप्रकार आढळतो. वतनाचा तंटा उभा राहिला की पक्षकार आपल्या घराण्याचा करीना लिहून देत असे. मूळ पुरुष कोण, त्याने कोणाच्या अमदानीत कोणती चाकरी केली, त्याबद्दल कोणती सनद मिळाली, भोगवटा कधीपासून चालत आला, असा त्याचा क्रम असे. वाङ्मयीन सौंदर्य हा त्याचा हेतू नव्हे. समोरच्या अधिकाऱ्याची खात्री पटविणे हा होता. म्हणूनच त्यात विशेषणे थोडी आणि घटना पुष्कळ असतात.

भोर परिसरातील कारीच्या जेधे देशमुखांचा करीना इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. १६५९ साली अफजलखान चालून आला, तेव्हा कान्होजी जेधे यांनी वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांची साथ केली, हा प्रसंग त्यात येतो. कान्होजी निष्ठावंत होते असे नुसते लिहिले असते, तर ते वाक्य विरून गेले असते. निष्ठेची किंमत काय मोजली हे सांगितल्यामुळे ते टिकले.

करीन्याला अर्थातच मर्यादा होती. त्याचा नायक व्यक्ती नसून घराणे असे. आणि ज्याच्या घरी सनदा नाहीत, त्याने काय लिहावे, याचे उत्तर त्यात नव्हते.

ते उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आमच्याच परिसराशी निगडित आहे. ३१ डिसेंबर १८१७ रोजी कंपनी सरकारची एक तुकडी शिरूरच्या छावणीतून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या फौजेशी तिची लढाई झाली. पुढे उभारलेल्या स्तंभावर मृत शिपायांची नावे कोरली गेली. त्यांत ‘नाक’ या अंत्यपदाची महार शिपायांची नावे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र त्याच समाजाला लष्कराची दारे बंद करण्यात आली. १८९४ साली निवृत्त लष्करी सेवक गोपाळबाबा वलंगकर यांनी याविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. १९१० साली पुण्याचे शिवराम जानबा कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. सैन्यात, पोलिसांत आणि सरकारी सेवेच्या निदान खालच्या पायऱ्यांवर प्रवेश मिळावा, ही त्यांची मागणी होती.

आम्ही या अर्जांकडे एका समाजाचा बायोडाटा म्हणून पाहतो. जात हीच जेथे अपात्रता ठरविली गेली, तेथे अर्जदारांनी पूर्वजांची सेवा पुढे ठेवली. दगडावरची नावे ही त्यांची सनद होती. दार लगेच उघडले नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, महारांची पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर ती मोडली गेली. महार रेजिमेंट स्थापन झाली ती १९४१ साली. अर्ज करणाऱ्याच्या हाती निकाल नसतो, पुरावा मात्र नीट मांडणे असते, हे या इतिहासातून कळते.

आता पुन्हा त्या कागदांकडे येऊ. भीमाकाठच्या एखाद्या मुलाने तीन हंगाम गुऱ्हाळावर हिशेब लिहिलेला असतो. घोडनदीच्या बाजूची एखादी मुलगी पहाटे दूध संकलन केंद्रावर फॅट मोजून मग बसने महाविद्यालयात येते. हे बायोडाटात का नाही, असे विचारले की उत्तर येते, “सर, ते काय लिहायचं? ते घरचं काम.” त्याऐवजी त्यांनी ‘कष्टाळू’ असे लिहिलेले असते. पुरावा गाळून विशेषण ठेवावयाचे, ही करीन्याच्या अगदी उलट रीत झाली.

तेव्हा शुद्धलेखन बाजूला ठेवून आम्ही विचारू लागलो: काय केले, कोठे, किती काळ, आणि ते कोण सांगू शकेल? उत्तरे आली की क्रम लावणे सोपे जाते. ज्या कामासाठी अर्ज, त्याच्या जवळचे आधी, उरलेले थोडक्यात, एका पानात. पाल्हाळ करीन्याला शोभे, कारण तेथे पिढ्यांचा हिशेब होता. येथे एकाच आयुष्याची थोडकी वर्षे आहेत.

ज्यांच्या घरी एकही सनद नव्हती, त्यांच्या मुलामुलींना आज स्वतःच्या कामावर हक्काने बोट ठेवता यावे, ही साधी गोष्ट नाही. ‘घरचं काम’ हे शब्द खोडून तेथे ‘तीन हंगाम, हिशेबनीस’ असे लिहिताना त्या मुलाचा हात किंचित थबकतो. आम्ही वाट पाहतो. तेवढे मात्र त्याचे त्यानेच लिहावयाचे असते.