तर्जुम्याची दुसरी खुर्ची

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या इमारतीवर मराठीच्या जोडीला उर्दूतही नाव आहे. ते काढावं, ही मागणी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १५ एप्रिल २०२५ रोजी फेटाळली गेली. उर्दू याच देशात जन्मलेली भाषा आहे, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. पाटी राहिली, याचा आनंद आहेच. पण पाटीच्या आत, कागदावर उर्दूचं काय होणार, हा प्रश्न उरतोच. कारण तिथे आता तर्जुम्याला कृत्रिम बुद्धिमत्ता बसू लागली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘सुवास’ हे भाषांतराचं सॉफ्टवेअर आणलं. इंग्रजी निकालाचा कच्चा तर्जुमा यंत्र करतं आणि अनुवादक तो तपासतो. कामाची अशी वाटणी आपल्या इतिहासात नवी नाही.

१९१७ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठासाठी दारुल तर्जुमा सुरू झालं. तेव्हा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात असलं तरी कागदोपत्री निजामाचाच मुलूख होता. मौलवी अब्दुल हक यांच्या देखरेखीखाली तिथे विज्ञान, इतिहास, कायदा अशा विषयांची पुस्तकं उर्दूत आली. एक जण तर्जुमा करी, परिभाषेचे शब्द समिती ठरवी आणि भाषा तपासायला ‘नाझिर-ए-अदबी’ असे. म्हणजे एक खुर्ची लिहिणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. आज पहिल्या खुर्चीवर यंत्र आलं आहे. दुसरी माणसाचीच आहे.

ती का लागते, हे आपल्या दोन भाषांकडे पाहिलं की कळतं. मराठी कार्यालय कर्मचाऱ्याकडून ‘खुलासा’ मागतं, म्हणजे स्पष्टीकरण मागतं. उर्दूत ‘खुलासा’ म्हणजे सारांश. स्पष्टीकरणाला ‘वजाहत’ म्हणतात. मराठीत प्रयत्नांची ‘शिकस्त’ करतात, उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. मराठी तालमीत पैलवान घुमतात, उर्दू तालीम मदरशात मिळते. शब्द दिसायला एकच, म्हणून यंत्र तो तसाच उचलून ठेवण्याचा धोका मोठा. वाक्य सफाईदार असेल, व्याकरण बरोबर असेल आणि नोटिशीचा अर्थ मात्र बदललेला असेल. अशी चूक दोन्ही भाषा घरच्यासारख्या जाणणाऱ्यालाच खटकते.

आता आकडे पाहा. २ डिसेंबर २०२३ पर्यंत सर्वोच्च न्यायालयाचे ३१,१८४ निकाल भारतीय भाषांत आले होते. त्यांत हिंदीत २१,९०८, मराठीत ७६५ आणि उर्दूत फक्त ६. कारणं अनेक असतील. पण यंत्र आलं म्हणून उर्दू आपोआप दरबारात पोहोचली नाही, एवढं यातून दिसतं.

अमरावती-अकोल्याच्या उर्दू शाळांतली मुलं घरी उर्दू बोलतात, बाजारात वऱ्हाडी बोलतात आणि परीक्षेत मराठीचा पेपर लिहितात. तपासनीस याच मुलांतून घडू शकतात. अनेक पालक मला विचारतात की मोबाईल तर्जुमा करतो, मग मुलाने मराठी कशाला घोटायची? माझं उत्तर असं की मोबाईलने केलेला तर्जुमा बरोबर आहे की नाही, हे सांगणारा कुणीतरी आपल्यातला हवा. नाहीतर आपल्या नावाने आलेल्या नोटिशीचा अर्थ यंत्र सांगेल आणि तो आपल्याला मुकाट्याने मान्य करावा लागेल.