हिपॅटायटिस सी : आजार यकृताचा, खुणा शरीरभर

हिपॅटायटिस सीचा विषाणू यकृत खराब करतो, हे अनेकांना माहीत असतं. पण त्याच्या खुणा त्वचा, नसा, सांधे, किडनी आणि तोंडातही दिसू शकतात. कित्येक रुग्णांना कावीळ होतच नाही.

असं का होतं?
विषाणू वर्षानुवर्षं शरीरात राहिला की रोगप्रतिकारशक्ती सतत चेतवली जाते. त्यातून क्रायोग्लोब्युलिन नावाची प्रथिनं तयार होऊ शकतात. ती लहान रक्तवाहिन्यांत साचतात आणि तिथे सूज येते.

काय दिसू शकतं?
• पायांवर लाल-जांभळे ठिपके
• पायांत बधिरपणा, मुंग्या, जळजळ
• सांधेदुखी, न जाणारा थकवा
• किडनीला सूज, लघवीतून प्रथिनं किंवा रक्त जाणं
• तोंडात पांढरे, जाळीसारखे चट्टे (लायकेन प्लॅनस)
• टाइप २ मधुमेह आणि लिम्फोमा या कर्करोगाचा वाढलेला धोका

वरोऱ्याच्या भागात गफलत कुठे होऊ शकते?
बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी महारोगी सेवा समिती स्थापन केली ती वरोऱ्यात. कुष्ठरोग चंद्रपूर-गडचिरोलीत आजही आढळतो. म्हणून पाय बधिर झाला की त्याची तपासणी आधी व्हायलाच हवी. सांधे दुखले की सिकलसेल आठवतो, तोंडात चट्टा दिसला की खर्रा. ही कारणं खरीही असतात. पण तपासणीत ती सापडली नाहीत, किंवा उपचार करूनही त्रास थांबला नाही, तर हिपॅटायटिस सीची रक्ततपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. सिकलसेलच्या ज्या रुग्णांना वारंवार रक्त चढवलं गेलं आहे, त्यांनी ही तपासणी करून घ्यावी.

तपासणी आणि उपचार
आधी अँटिबॉडी तपासतात. ती सापडली, तर विषाणू अजून शरीरात आहे का, हे आरएनए चाचणीतून कळतं. बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात आणि ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण विषाणूमुक्त होतात. विषाणू गेला की यकृताबाहेरचे त्रासही अनेकदा कमी होतात. मात्र नस किंवा किडनीचं झालेलं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही, म्हणून उशीर नको. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

लक्षात ठेवा : हा आजार रक्तातून पसरतो, दूषित सुई, टॅटू किंवा वस्ताऱ्यातून. एका ताटात जेवल्याने किंवा स्पर्शाने नाही. यावर लस नाही, पण उपचार आहे.